कंडक्टरनं राखलेला माळ

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतेत. मी घेते. गुंडेराव. आमच्या सासऱ्यांनी धम्म घेतला तवाच असल्या भीत्या मागं टाकल्या, आन माझ्या माहेरीबी तेच. शिवाय आमच्या गावात निस्तं "हे असं करायलेत" म्हणलं की आयकणारा इचारतो, कोण हे? नसते उद्योग करणारी माणसं गावात लई. म्हणून नाव घेतलेलं बरं. गुंडेराव, रिटायर कंडक्टर, जिल्हा बिदर, तालुका भालकी, गाव उदगीरच्या रस्त्याला.

कंडक्टरकी ही निस्ती नोकरी न्हाई, ती अंगात मुरती. भालकी-उदगीर, भालकी-लातूर, मधी थोडी सालं आळंदकडं, अशी सगळी जिंदगी ह्या माणसानं उभ्यानं काढली. मराठीत "पुढं सरका", कन्नडात "मुंद होगरी", दखनीत "आगे सरको मियाँ", असं एका दमात तीनदा सांगायचं, आन तिन्ही भाषेतलं कुणीच सरकायचं न्हाई. रिटायर झाले त्या दिवशी शाल दिली, हार घातला, लोकांनी भाषणं केली. मला वाटलं, चला, आता माणूस घरात बसंल, दोन सुखाच्या गोष्टी करंल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं बसले, तर मागनं शिट्टी वाजली.

"सावित्री, जरा पुढं सरक. तांब्या घ्यायचाय."

"अहो, पुढं चूल हाय! सरकू कुठं, जाळात?"

हे रोजचं झालं. शेळी दारात आली तर तिला तिकीट मागायचे. पाव्हणे उठायला लागले की "पयले उतरणाऱ्याला उतरू द्या" म्हणून दारात उभं राहायचे. माझं डोकं फिरलं. आमची लेक प्रेरणा कलबुर्गीला कॉलेजात शिकवती. तिला फोन लावला आन म्हणलं, "बाई, तुझ्या पप्पाला कुठंतरी घिऊन जा, न्हाईतर मी जाते."

ती हसली. म्हणली, "मम्मी, त्यांला काम पाहिजे. झाडं लावायला सांग."

झाडं म्हणलं की ह्यांला तेवढंच पाहिजे व्हतं. गावाच्या वरल्या अंगाला आमचा माळ हाय. लाल मुरमाचा, उघडाबोडका, कुणाच्याच नावावर नसलेला. आमच्या लेखी माळ म्हणजे मोकळी जागा. मुरूम उकरावा, मेलेलं ढोर टाकावं, बाकी तितं येडी बाभळ आन घाणेरी माजलेली. गुंडेरावनी शाळेची लेकरं नेली, दोऱ्या लावून खड्डे खांदले आन रांगेनं गुलमोहर लावले. एकेक झाड लागलं की शिट्टी. पेपरात फोटो आला. फोटोत झाडापेक्षा हेच जास्ती व्हते.

मग प्रेरणानं अजून एक उपकार केला. बिदरजवळ निसर्गाचं शिबिर व्हतं. आपापल्या गावात फुकट राबायची हौस असलेली माणसं तितं जमणार, आन जाणकार लोक त्यांला शिकवणार, माळ कसा राखायचा, झरा कसा राखायचा, लेकरांला काय सांगायचं. वयाची अट न्हाई. मी म्हणलं, जा बाबा, मला तेवढाच इसावा.

शिबिराहून आले ते घरी आलेच न्हाईत. बसमधनं उतरून नीट माळावर. जरा येळानं शेजारची अंबुबाई पळत आली. आमची जुनी मैत्रीण, मेंढरंवाल्या शिवाप्पाची बायको. म्हणली, "वैनी, अण्णाला बघा की! गेल्या साली लावलेली झाडं सोताच उपटायलेत. ऊन लागलं का काय?"

मी गेले. डोक्याला हिरवी टोपी, खांद्याला गवताच्या बियांची पिशवी, हातात कुणाचा तरी मागून आणलेला टिकाव. गुलमोहर मुळासकट काढून पोत्यावर ठिवायलते.

"कामून हो? काय बिघडवलं त्यांनी तुमचं?"

"सावित्री," टिकाव टेकवून म्हणले, "आपण चुकीच्या पाशिंजराला शीट दिली. हा माळ रिकामा न्हाई. फुल्ल हाय. गवत, चंडोल, टिटवी, ससा, खोकड, ही सगळी हितली पास असलेली माणसं. हजारो सालापासनं हितंच चढतेत, हितंच उतरतेत. आन आपण काय केलं? मोकळी दिसली म्हणून भलतीच माणसं कोंबली. गुलमोहराची सावली पडली की गवत मरतं. गवत मेलं की बाकीचे उतरून जातेत."

"आन येडी बाभळ?"

"ती तर बिनतिकिटाची," म्हणले, आन असे काही रागानं बघितले तिच्याकडं की मला चेकिंगवाला आठवला.

गुलमोहर शाळेच्या आवारात नेऊन लावले. लोक हसले ते हसलेच. पारावर कुणी म्हणलं, रिटायर झाल्यावर असं व्हतं, आमच्या मामाचंबी झालतं. पण गुंडेरावच्या अंगात येडेपणा एकदा शिरला की त्याला शेवटचा ष्टॉप नसतो. दर रविवारी माळावर जाऊन येडी बाभळ तोडायची. पयल्या रविवारी स्वयंसेवक किती, तर हे आन मी. मी सेवेला गेले न्हवते. ह्यांच्या पाठीतले काटे काढायला कुणीतरी लागतंच की. दुसऱ्या रविवारी अंबुबाई मजा बघायला आली. बघता बघता तिनं तोडलेल्या फांद्यांचा भारा बांधला आन डोक्यावर घेतला. तिसऱ्या रविवारी अख्ख्या गल्लीतल्या बाया कोयते घिऊन हजर! कसली निसर्गसेवा न काय, जळण मिळायलतं. पण गुंडेराव सगळ्यांला टाळ्या वाजवून म्हणायचे, "धन्यवाद स्वयंसेवक भगिनींनो!" आन आमी पदर तोंडाला लावून हसायचो.

शनिवारी शाळा सुटायच्या आधी मास्तर लेकरांला माळावर सोडायचे. मराठी शाळेची आन कन्नड शाळेची एकत्रच. हे त्यांला दोन-दोन करून रांगेत बसवायचे, मधी चालायला वाट. बस झाली तयार. मग एकेकाला इचारायचे, "तुझ्या शिटाखाली कोण बसलंय बघ." लेकरू खाली बघायचं. कवा मुंगळा, कवा कुसळीचं बी, कवा सश्याच्या लेंड्या. "कुठं चढला? कुठं उतरणार? काय खातो? त्याला कोण खातं?" सांगता आलं न्हाई तर त्या लेकराला आठवडाभर बघून यायचं काम. माणूस शिकवायचा मातूर गोड. घरात जो वैताग वाटायचा, तोच माळावर बघून मलाबी खाली मांडी घालून बसावं वाटायचं. एकदा बसलेबी. माझ्या शिटाखाली इंचू निघाला.

उन्हाळ्यात टिटवीनं उघड्या मुरमावर अंडी घातली. खड्यात खडा दिसावी अशी ती अंडी. गुंडेरावनी भवताली दगडाचं रिंगण केलं आन पाटीवर लिव्हलं, आरक्षित. नेमकी त्याच वाटेनं महादेवप्पाची मोटरसायकल जाती. महादेवप्पा आमच्या पंचायतीचे मेंबर. भरघोस मिशी, पांढरंधोट धोतर, मनानं वाईट न्हाई, पण मान मोठा. त्यांला ह्यांनी शिट्टी मारून थांबवलं!

"गाडी फिरवा. शीट रिझर्व्ह हाय."

"कुणाला?"

"टिटवीला."

महादेवप्पाच्या मागं दोन पाव्हणे बसलते. पाव्हणे हसले. झालं! मिशीला ते झोंबलं. पुढल्याच बैठकीत त्यांनी इषय काढला की माळावर निलगिरी लावायची. सरळ वाढती, रांगेत दिसती, गावाला शोभा. हे काय काट्याचं अन् कुसळाचं राखत बसलेत? गुंडेराव उभे राहिले आन म्हणले, "एक पावसाळा द्या. येळवशीपातुर माळावर गुडघ्याएवढं गवत दिसलं न्हाई, तर निलगिरीचे खड्डे मीच खांदतो." मेंबर म्हणले, बघू. बाकीचे म्हणले, देऊन तर बघा.

आता येळवस म्हणजे आमच्या ह्या भागातला मोठा सण. थंडीतल्या अमुशाला सगळं गाव रानात जातं, घरी कुत्रंसुदिक राहत न्हाई. रानात कडब्याची कोप, बसायपुरतं खोपट, करायची, पिकात आंबील शिंपायची, आन सगळ्या डाळी-भाज्यांची भज्जी, आंबील, सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे खायाचे. आमी कोपीत पूजा मांडत न्हाई. पण भज्जी कुणी सोडती व्हय?

बैठक झाली खरी, पण खरा पेच पुढंच व्हता. शिवाप्पाची मेंढरं. त्याच्या बापजाद्यापासनं पावसाळ्यात मेंढरं ह्याच माळावर. गवत कोवळं असताना मेंढरं आली तर वाढायचं काय? गुंडेराव त्याच्या दारात गेले. शिवाप्पा बोलायला कमी, पण बोलला की तोडून.

"अण्णा, माळ बंद केला तर माझी मेंढरं काय तुझी शिट्टी खातील?"

"शिवाप्पा, एक पावसाळा दुसरीकडं ने. येळवस झाली की पयली कापणी तुझी. गवत न्हाई निघालं तर माझ्या रानातला सगळा कडबा तुझा. शब्द."

शिवाप्पा कबूल झाला. मग पावसाला सुरवात झाल्यावर मेंढरं घिऊन आळंदकडं सासुरवाडीला गेला. मेंढरंवाल्यानं सासऱ्याच्या दारात पावसाळा काढायचा म्हणजे काय ते अंबुबाईला इचारा. मेव्हण्यांची बोलणी खाल्ली, दोन कोकरं आजारानं गेली. पण आला न्हाई. हे त्या माणसानं निस्त्या शब्दावर केलं, आन मला त्याचीच भीती वाटायची. आमच्या ह्यांनी बसमधी सुद्धा कवा कुणाला खिडकीचा शब्द दिला न्हवता.

पण गवत आलं! काय सांगू. पयल्यांदा निस्ती हिरवी लव, मग मारवेल, मग पवन्या, कुसळी. दसऱ्याला गुडघ्याला लागलं. चंडोल असा वर चढत जाऊन गात राहायचा की मान दुखायची पण खाली बघावं वाटायचं न्हाई. थंडी पडली तसं सगळं गवत पिवळंधमक वाळलं. शिवाप्पा सासुरवाडीहून आला, माळाच्या कडेला उभा राहिला. निस्तं एक काडी तोडून चावली आन हसला. त्या दिवशी आमच्या घरी मी गोड केलं.

मग एका संध्याकाळी गुंडेराव जेवता जेवता थांबले. "सावित्री, हेंडगा!"

माझ्याबी हातातला घास तसाच राहिला. येळवशीला दिवस बुडताना कडब्याची पेंडी पेटवायची आन ती घिऊन पिकाभवती पळायचं, ह्याला हेंडगा म्हणतेत. गावची निम्मी रानं माळाला लागून. इतकी सालं माळावर काट्याबिगर काही न्हवतं, म्हणून कुणाला फिकीर न्हवती. औंदा तितं गुडघाभर वाळलेलं गवत. एक ठिणगी उडाली की शिवाप्पाची मेंढरं उपाशी, ह्यांचा शब्द खोटा, आन माळावर निलगिरी.

दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन ह्या शहाण्यानं सांगितलं, औंदा कुणी हेंडगा फिरवायचा न्हाई. गाव उठलं की! महादेवप्पा म्हणले, "गुंडेराव, तुमी पूजा करत न्हाई, ते तुमचं. आमी कवा काय म्हणलं? मग आमचा हेंडगा कामून बंद करायलाव?" बोलणं त्यांचं खरं व्हतं. घरी आले ते तोंड पाडून. मी म्हणलं, "लोकाच्या सणाला हात लावायचा असतो व्हय? पळणाऱ्याला थांबवता येत न्हाई. रस्ता बदला म्हणावं. एवढं बसमधी कळत व्हतं, हितं कळंना?"

तवा डोकं ठिकाणावर आलं. रान आन माळ ह्याच्यामधी लेकरांनी आन बायांनी मिळून रुंद पट्टा साफ केला, काडीसुदिक ठिवली न्हाई. पट्ट्यावर पाण्याचा मोठा ड्रम आणून ठिवला. लेकरांला कडूलिंबाचे फाटे देऊन शिकवलं, वारं पाठीला घिऊन उभं राहायचं, आग झोडपायची, पळायचं न्हाई. आन ठरवलं की येळवशीला दिवसभर एकेका रानात जाऊन सांगायचं: शिट्टी वाजल्यावर सगळ्यांनी एकदमच हेंडगे पेटवायचे, माळाकडं पाठ करून हिरीकडं पळायचं, आन हिरीवरच इझवायचं.

डोकं लई चाललं, पण एक गोष्ट इसरले. येळवशीला कुणाच्याबी कोपीत गेलं की आधी जेवण, मग बोलणं. नको म्हणता येत न्हाई. सणाचं अन्न.

सकाळी पयल्या रानात गेले. भज्जी, उंडे, तांब्याभर आंबील. मग बोलणं झालं, "व्हय अण्णा, शिट्टी वाजल्यावरच." दुसऱ्या रानात तेच. तिसऱ्यात तेच. आता आंबील म्हणजे काय ते आमच्याकडच्याला सांगावं लागत न्हाई. ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं, लसणाची फोडणी, मडक्यात गार झालेलं. पिऊन उन्हात बसलं की राजा असू दे न्हाईतर रंक, डोळे मिटतेत. दुपारी मी ह्यांला एका बांधावरनं दुसऱ्या बांधावर जाताना बघितलं. चाल अशी, गच्च भरलेली बस चढाला लागावी तशी. मी वरडले, "अहो, जरा कमी प्या!" तर हात वर करून म्हणले, "कामावर हाय!"

सगळ्यात शेवटी महादेवप्पाचं रान. त्यांनीबी काय डाव धरला न्हवता, उलट जास्तीच आग्रह केला. भांडण झालेल्या माणसाला येळवशीला पोटभर वाढायचं, ही त्यांची रीत. तितं पंगत झाली, बोलणं झालं, मेंबर व्हय म्हणले.

दिवस खाली गेला. रानारानात माणसं पेंडी बांधून तयार, काडेपेट्या हातात. सगळे माळाकडं कान लावून उभे. आन शिट्टी वाजंना! थोडा येळ लोकांनी कळ काढली. मग कुजबूज. मग हाका. "अण्णा कुठं गेले?" मी पट्ट्यावर आले. लेकरं फाटे घिऊन उभी, हे न्हाईत. पुढं महादेवप्पाच्या कोपीत वाकून बघते तर काय! कडब्यावर घोंगडं, घोंगड्यावर गुंडेराव, छातीवर शिट्टी, आन घोरणं असं की कोप हालायलीय. हालवलं, चिमटा काढला. डोळे न उघडता म्हणले, "मागची बस मोकळी येतीय." आन कूस बदलली. मला इतका राग आला, इतका राग आला, की तितंच सोडून बाहेर आले.

तवर महादेवप्पाचा धीर सुटला व्हता. "येळ टळायलीय. सणाला शिट्टीची वाट बघू का काय?" म्हणून त्यांनी पेंडी पेटवली आन पळाले. पळाले ते नीट हिरीकडंच, हे खरं. पण वारं फिरलं. पेंडीतनं जळता झुपका सुटला, पट्ट्यावरनं उडाला आन पलीकडं गवतात पडला.

गवत पेटल्याचा आवाज मी पयल्यांदाच आयकला. चरचर चरचर. मी ड्रमकडं पळाले. ड्रममधी हात घातला तर बुडाला लागला! दिवसभर अख्ख्या गावानं जेवून जेवून त्याच ड्रमात हात धुतले व्हते. पट्ट्यावर पाणी दिसलं म्हणल्यावर कोण सोडतंय. हीर तर लांब.

मी गळा काढून वरडले, "आंबील आणा! आंबील वता!"

सगळे थांबले. सणाची आंबील आगीत वतायची? कुणाचा पाय हालंना. तवा अंबुबाई आली आंबिलीनं भरलेली बिंदगी कमरेवर घिऊन. म्हणली, "बघायलाव काय? आंबील शिंपायचीच असती की! रानात न्हाईतर माळात!" आन वतली बदाबदा. मग काय! पिकात शिंपताना म्हणतेत तसं ओलगे ओलगे म्हणत बाया बिंदग्या, मडकी, तांबे घिऊन धावल्या. शिवाप्पानं अंगावरचं घोंगडं काढून आंबिलीत बुडवलं आन आग झोडपायला लागला. त्याच्या बाजूला कोण, तर महादेवप्पा! धोतर वर खोचलेलं, हातात चिंब पोतं, "माझ्या हातनं झालं, माझ्या हातनं झालं" म्हणत सगळ्यांच्या पुढं. लेकरांनी फाट्यांनी कडा धरल्या. न शिट्टी, न हुकूम. वारं पाठीला घिऊन दोन-दोनच्या रांगा, आन मोठ्या माणसांवरच वरडायलती, "आजोबा मागं सरका! तिकडून न्हाई, हिकडून मारा!"

आग इझली. खोलीएवढा तुकडा काळा झाला, बाकीचा माळ तसाच पिवळा, वाऱ्यावर हालत. सगळ्या माळाला लसणाच्या फोडणीचा वास. एकमेकांची काळी तोंडं बघून कुणीतरी खुदकन हसलं, आन मग सगळेच हसत सुटले. मला मातूर हसता हसता हुंदका आला.

आन तवा आमची स्वारी आली. टोपी वाकडी, गालावर कडब्याचे वळ, शिट्टी फुंकत, "थांबा! थांबा! गवत! गवत!" करत. गर्दीत घुसले आन जागीच थांबले. काळा तुकडा बघितला, मोकळी मडकी बघितली, आमची तोंडं बघितली.

"कुणी इझवली?"

"सगळ्यांनी," मी म्हणलं.

"शिट्टी कुणी वाजवली?"

"कुणीच न्हाई."

माणूस रुसला की! खरं सांगते, आग इझल्याचा आनंद बाजूलाच. खालचा व्हट पुढं आला. "माझ्याबिगर? माझ्याबिगर कसं काय केलं?" सगळी जिंदगी ज्यानं घंटी मारल्याबिगर बस हालली न्हाई, त्याला न सांगता बस सुटली व्हती, आन नीट जाग्यावर पोचलीबी व्हती.

महादेवप्पा पुढं आले. मिशी एका बाजूनं जळून गेलती, दुसऱ्या बाजूनं झुबकेदार. म्हणले, "गुंडेराव, ह्या गवतापायी माझी मिशी गेली. आता हितं निलगिरी लावली तर गाव इचारंल, मिशी कशाला घालवली? ते निलगिरीचं सोडा. मी बैठकीत सांगतो." लोक पुन्हा हसले. ह्यांच्या तोंडावर हसू येईना. मला कळलं, आता कुठं माणसाला भीती समजली. आपण झोपलो व्हतो, आन शिवाप्पाचा पावसाळा, ती दोन कोकरं, दिलेला शब्द, सगळं जळून जाणार व्हतं.

"शिवाप्पा," म्हणले, "मी झोपलो बाबा. शब्द दिला आन झोपलो."

शिवाप्पा घोंगडं पिळायलता. बापाच्या येळचं घोंगडं, कड सगळी जळालेली. त्यानं वरसुदिक बघितलं न्हाई.

"अण्णा, झोपलास तर झोपलास. सकाळी कापायला येतो. आन उद्यापासनं रोज रोज पहाटं उठून हितं यिऊ नको, थंडीचं. माळ आमचा हाय. आमी हाव की बघायला."

गुंडेरावनी माझ्याकडं बघितलं. "सावित्री, आयकलीस का? काय म्हणला?"

"आयकलं."

"परत म्हण म्हणावं त्याला."

"अण्णा, येड लागलं का?"

"म्हण की रे एकदा."

शिवाप्पा वैतागला. असा वैतागला की माळाच्या त्या टोकाला जाईल एवढ्या मोठ्यानं वरडला, "माळ आमचा हाय!" लेकरांला काय, निमित्तच पाहिजे. त्यांनी तेच कन्नडात, तेच दखनीत, आन मग सगळ्या रानांतनं बायका-माणसं वरडायला लागली.

माझा नवरा तितंच काळ्या गवतात फतकल मारून बसला आन लेकरासारखा मोठ्यानं रडला. मी शेजारी बसले. एरवी चारचौघात मी त्यांच्याजवळ बसत न्हाई. पदरानं त्यांचं तोंड पुसलं, काजळी निघायची सोडून अजूनच पसरली, आन मी म्हणलं, "उठा आता, सगळे हेंडगा फिरवायचे राहिलेत, तुमची वाट बघायलेत."

"माझी कामून?" ते म्हणले. "त्यांला कुठं लागतोय मी?"

"लागत न्हाई," मी म्हणलं, "तरी बघायलेत."